फळ्यावरची मेंढरं

त्या साली हुलगेवाडीच्या शाळेवर शिराळ्याकडचे भाऊसो मास्तर आले आणि शाळेतलं गाणं बंद पडलं.

आधीचे म्हातारे मास्तर पोरांना ओळीनं बसवायचे, पाढे लावून द्यायचे आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे. बे एके बेपासून साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, म्हणजे औटकीपर्यंत, पोरं एका सुरात म्हणत जायची. माळावर खुरपणाऱ्या बायांना ते ऐकू यायचं आणि शाळा झक्क चालली आहे असं सगळ्या वाडीला वाटायचं.

भाऊसो मास्तरांनी पहिल्याच दिवशी ते गाणं मधेच थांबवलं.

"नऊ औटे साडेएकतीस. बरोबर. पण हे वरचं अर्धं आलं कुठनं?"

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. पाढ्यातलं अर्धं कुठून तरी येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी फळ्यावर एक गणित लिहायचे. एकच, पण असं की वाचता वाचताच पोटात गोळा यावा. संध्याकाळपर्यंत ते पुसायचे नाहीत आणि उत्तरही सांगायचे नाहीत. लढाईवर गेलेल्या भावाचा जुना खाकी कोट अंगात, तोही दोन माप ढगळ. त्याच्या खिशात हात घालून ते पोरांच्या मधून फिरायचे. येत नाही म्हटलं की म्हणायचे, "येत नाही म्हणून तर इथं आलास. बस."

वाडीत कुरकुर सुरू झाली. आमच्या पोरांना काय औंध संस्थानाचं दिवाण व्हायचंय का, असं लोक पारावर बोलायला लागले.

हरणाबाई मात्र कुरकुरली नाही. तिची अंजना चौथीत होती, चौथीतली एकटी मुलगी. अवघड आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं हरणाचं साधं मत होतं. ज्या कामानं अंग दुखलं नाही ते काम झालंच नाही असं मानणारी ती बाई.

तिचं घर धनगराचं. दिवाळी झाली की अख्खं घर मेंढरांमागं कऱ्हाडच्या अंगाला उतरायचं ते वळवाचा पाऊस पडल्यावरच आटपाडीच्या माळाला परतायचं. त्या साली पहिल्यांदा हरणा मागं राहिली, पोरीच्या शाळेसाठी. नवरा बिराप्पा आधी ऐकत नव्हता. पण मागच्या यमाईच्या जत्रेत पोरीनं पायरीच्या दगडावरची अक्षरं बोट फिरवून वाचून दाखवली होती आणि तेव्हापासून तो जरा वचकूनच होता तिला. "ऱ्हावा दोघी," तो म्हणाला, "आईबी चालाय थकलीया. पर एक साल. पोरगी शिकली तर फुडचं बघू."

असं ते साल चाललं होतं. बिराप्पा आणि त्याचा चुलतभाऊ अर्जुना दोघंच मेंढरांमागं होते. घरी हरणा, अंजना, सासू धोंडुबाई आणि एक शेळी.

पौष महिन्यात एका संध्याकाळी अंजना शाळेतून आली ती पाय ओढत. उंबऱ्यावर बसली आणि घोटे चोळायला लागली. पावलं टम्म सुजली होती.

"काय झालं गं?"

"दिसभर हुबी हुते."

"मारलं?"

"न्हाई. बोल म्हणलं. मी बोलले न्हाई."

हरणानं पाणी तापवलं, पोरीचे पाय परातीत घेतले आणि एकेक बोट चोळत हळूहळू सगळं काढून घेतलं. सकाळी मास्तरांनी गणित घातलं होतं ते मुद्दाम अंजनाच्या घरचं. पोरीला जवळचं वाटावं म्हणून. एका धनगराकडं दीडशे मेंढरं. वाटेत रोगानं पाचवा हिस्सा मेली. उरलेल्यांतला सहावा हिस्सा विकला. राहिली किती?

"हे तुझं आहे. तू सांग," मास्तर म्हणाले होते.

अंजना उभी राहिली आणि उभीच राहिली. पोरं हसली. धनगराच्या पोरीला मेंढरं मोजता येईनात म्हणून कुणी बें बें करून ओरडलं. मास्तर आधी थांबले, मग पुन्हा विचारलं, मग चिडले. संध्याकाळपर्यंत पोरीनं दात उघडले नाहीत.

"येत न्हवतं व्हय?"

"येत हुतं," अंजना म्हणाली. तिचे डोळे भरले. "फळ्यावर लिवस्तवर आलं हुतं. पर आबा वाटंला हाय, आय. मेल्याली कशी मोजू?"

हरणाचा हात परातीत थांबला.

मेंढरं मोजायची नसतात. हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. चालायला लागण्याआधी पोराला ते कळायचं. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभं राहून बिराप्पा आत शिरणारी तोंडं बघायचा आणि "कानी मेंढी दिसत न्हाई" म्हणून पुन्हा माळ पालथा घालायला जायचा. कळप किती, असं कुणी विचारलं तर "हायती बिरोबाच्या किरपेनं" एवढंच उत्तर. त्यातून कळप वाटेला असताना तर आकडा तोंडातून काढायचाच नाही आणि मेलेल्यांचा आकडा तर कधीच नाही. एकदा तोंडातून गेला की कुणाच्या कानावर पडेल सांगता येत नाही.

"गप ऱ्हायली ते लय ब्येस केलं," कोपऱ्यातून लोकर पिंजता पिंजता धोंडुबाई म्हणाली. "माजी नात हाय."

"आवं आत्याबाई, पर मास्तरला काय ठावं त्यातलं?"

"मग सांग की जाऊन. त्याला काय शिंगं हायती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हरणा खुरपं ठेवून शाळेकडं निघाली. विहिरीवर हातपाय धुतले, पदर सारखा केला. वाटेनं तिनं वाक्यं जुळवली. चारच होती. पोरीला येतं. आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. तिचा बा वाटेला हाय. तिला दुसरं कशाचंबी गणित घाला, लागंल तेवढं अवघड घाला. चारही वाक्यं तिनं दोनदोनदा म्हणून बघितली. शेवटचं म्हणताना तिला हसू आलं.

शाळा मधल्या सुट्टीची सुटली होती. आत खुर्चीवर नानासो बसला होता, पाटलाचा धाकटा भाऊ. त्याच्या रानात हरणा खुरपायला जायची, काढणीलाही जायची. मास्तर पेटीवर बसले होते. नानासो अडकित्त्यानं सुपारी कातरत काही सांगत होता.

"...तर मास्तर, रानात मेंढरं बसवली खताला. ठरलं हुतं दोन रात्रीचं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गडी हाललाच न्हाई! का रं बाबा? तर म्हणं निघताना मेंढी डावीकडं तोंड करून शिंकली! आन् ती उजवीकडं शिंकस्तवर दोन दिस माझ्या भाकरी खाल्ल्या की हो त्यानं!"

मास्तर हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

"असं असतंय ह्यांचं," नानासो म्हणाला, "ह्यांच्या टकुऱ्यावरनं नांगर फिरवा, ढेकूळ फुटायचं न्हाई." आणि मग त्याला दारातली हरणा दिसली. "आली बघा. बिराप्पाची बायको ही. काय गं, कोण शिंकलं?"

हरणा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचे कान तापले. पायांकडं बघितलं तर धुतलेल्या पावलांवर पुन्हा धूळ बसली होती.

"या बाई," मास्तर म्हणाले. "अंजनाच्या आई ना? बरं झालं आलात. काल ती दिवसभर बोलली नाही. काय झालं तिला?"

सरळ विचारलं होतं, चांगल्या आवाजात. सांगायचं तर इथंच सांगायचं होतं. हरणानं तोंड उघडलं. नानासोचा अडकित्ता थांबला होता आणि तो ओठ मुडपून तिच्याकडं बघत होता, पुढची मजा ऐकायला. आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिला ते नानासोच्या तोंडून ऐकू आलं, पारावर, दहा माणसांत.

"ती..." हरणा म्हणाली, "ती मंद हाय जी."

आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं नाही. पण एक शब्द गेला तसे त्याच्या मागं दुसरे निघाले. "तिच्या टकुऱ्यात न्हाई जात. ल्हानपणी तापात हुती लय दिस. तिला अवघड नगा घालू. नाव लिवाय आलं, पोथी वाचाय आली म्हंजी लय झालं आमाला."

अंजनाला लहानपणी कधी ताप आला नव्हता.

मास्तर पेटीवरून उठले. "मला तसं वाटलं नव्हतं हो."

"न्हाई जी. हाय तशी."

"आईच सांगतीया म्हटल्यावर!" नानासो म्हणाला आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बरं," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणताय तर."

परतताना विहिरीपर्यंत हरणाला हलकं वाटलं. सुटले, असं. मग विहिरीवर ओंजळीनं पाणी प्यायला वाकली आणि भरलेली ओंजळ तशीच सोडून उठली.

संध्याकाळी अंजना दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"समदं?"

"व्हय."

"मग काय म्हणलं मास्तर?"

"बरं म्हणलं," हरणा चुलीत फुंकर घालत म्हणाली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं ते बरं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी अंजनाला चौथीच्या ओळीतून उठवलं आणि मागं बिगरीच्या, पहिलीच्याही आधीच्या, पोरांत बसवलं. वाईट वागले नाहीत. उलट तिच्याशी बोलताना आवाज खाली यायला लागला. तिच्यावर ओरडणं बंद झालं. चौथीची पोरं फळ्यासमोर घाम गाळायची तेव्हा अंजना धुळाक्षरांवर बोट फिरवायची, बारक्यांची शेंबडं पुसायची, माठ भरायची. एकदा तिनं पाटीवर फळ्यावरचं गणित चोरून उतरून घेतलं, तर मास्तर जवळ आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे. तू कशाला त्रास करून घेतेस?"

पोरांनी तिला नवं नाव ठेवलं, बिगरीतली म्हातारी.

पहिले चार दिवस तिनं घरी येऊन रागानं सांगितलं. मग सांगणं बंद झालं. पूर्वी ती चुलीपुढं ज्वारीचे दाणे मांडून हिशेब करायची, आजीला कोडी घालायची, आजी वैतागून म्हणायची, "बास की गं, माजं डोस्कं जात्यात घातल्यावानी झालं." आता ती दाणे मांडीत नव्हती.

एकदा हरणानं तिच्या उवा बघता बघता सहज विचारल्यासारखं केलं, "अंजे, नऊ औटे किती गं?"

"ठावं न्हाई."

"आसं कसं? परवा तर येत हुतं."

अंजनानं मान वळवली नाही. "आय, तू मास्तरला समदं सांगितलंस न्हवं? आबाचं, मेंढरांचं?"

"व्हय की."

"मग त्यास्नी ठावं हाय मी का गप बसले. तरीबी मागं बसवलं. म्हंजी मीच तशी आसणार."

तिथंच सांगायला हवं होतं. पोरीचं डोकं मांडीवर होतं, तोंड पलीकडं होतं, याहून सोपी जागा मिळणार नव्हती. पण हरणानं एक लीख नखावर चिरडली आणि दुसरी शोधायला लागली.

असा महिना गेला. सांगायचं ठरवावं आणि सकाळी पोरगी वेणी घालून दप्तराची पिशवी घेऊन निघाली की तिच्या पाठीकडं बघत राहावं. जशी निघायची तशीच परत यायची, हातपाय न दुखता, सूज न येता. कसली तक्रार नाही. हे शांत येणं हरणाला बघवेना.

माघात नानासोची ज्वारी काढणीला आली. त्याच सुमाराला दुपारच्या उन्हात अर्जुना येऊन दारात बसला, चार दिवस चालून, तोंडावर पांढरी धूळ घेऊन. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला.

"वैनी, दादानं धाडलंय. मेंढ्या व्यायला लागल्यात. रातध्याड दोनच माणसं, पुरं पडंना. दादा म्हणला, पोरगी शिकत आसली तर ऱ्हावू द्या. नसली तर दोघींलाबी घिऊन ये." मग तो अंजनाकडं वळला. "काय मास्तरीणबाई? वाचून दाव की कायतरी. मी आपला निस्ता आंगठा."

"मला न्हाई येत, काका."

"आँ? महिन्यापल्याड तर म्हणं पेपर वाचत हुतीस."

"मला न्हाई येत. मी मंद हाय." अंजनानं ते हरणाकडं न बघता सांगितलं, भाकरी झाली आहे असं सांगावं तसं. "कवा निघायचं?"

अर्जुनानं हसून बघितलं, मग हसू गिळलं. "उद्याचा दिस थांबतो. परवा पहाटंला."

"मी येते."

धोंडुबाईनं पिंजण खाली ठेवली. "जावा, जावा. मला काय, शेळी हाय सोबतीला. ती तुमच्यापरीस बोलती." पण तिचीही नजर हरणावर होती. हरणा उठली आणि काही काम नसताना तिनं शेळी दावणीवरून सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी अंजना शाळेला गेली नाही. आईमागं काढणीला आली. हातांना चिंध्या गुंडाळून दोघी आपल्या ओळीच्या पातीला लागल्या. ज्वारी उपटायची ती कमरेत वाकून, दोन्ही मुठींनी बुडख्याशी धरून. जमीन यंदा दगडासारखी होती. झटका दिला की खांद्यापर्यंत कळ जायची. तासाभरात हरणाच्या तळहाताला फोड आला, फुटला आणि चिंधी चिकटली. बाकीच्या बाया पलीकडच्या अंगाला होत्या. धाटांच्या आड दोघींना आभाळाशिवाय कुणी दिसत नव्हतं.

"अंजे."

"काय?"

"मी मास्तरला सांगितलं न्हाई."

अंजना धाट उपटतच राहिली. "काय न्हाई सांगितलं?"

"मेंढरांचं. आबाचं. कायच न्हाई."

आता ती थांबली. हातात एक उपटलेलं धाट होतं. मुळ्यांची माती तिच्या पायांवर गळत होती. "मग काय सांगितलंस?"

हरणाला वाटलं होतं की एवढं बोललं की झालं. पण पोरगी उभी होती आणि तो शब्द बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

"मंद हाय म्हणून सांगितलं. अवघड घालू नगा म्हणून."

वारा आला तशी वाळली पानं खसखसली.

"मी हाय का?"

"न्हाई गं माजे बाये. न्हाई."

"मग?"

"नानासो हुता तितं. धनगरांच्या गमती सांगत हुता. मास्तरबी हसलं. मला मग... मोजत न्हाईत म्हणून सांगाय लाज वाटली."

"माजी?"

"तुजी न्हाई. आपली. समद्यांची."

अंजना तिच्याकडं बघत राहिली. दहा वर्षांची पोर, पण तिच्या नजरेपुढं हरणाला पदर ओढून घ्यावासा वाटला.

"मग ती माज्यावर का घातलीस?"

बांधावरून नानासोची हाक आली, "ए, कोण हुबं ऱ्हायलंय तिकडं? हात चालू द्या की गं बायांनू!" हरणा सवयीनं वाकली. अंजना वाकली नाही लवकर. मग तिनं धाट पेंढीवर टाकलं, पात सोडून पुढं गेली आणि एकटीच उपटायला लागली, भराभरा, आईपेक्षाही जोरात. दिवस मावळेपर्यंत ती आईशी बोलली नाही. भाकरीही तिनं आजीशेजारी बसून खाल्ली.

पहाटे अर्जुनानं घोंगडं खांद्यावर टाकलं तेव्हा हरणा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुमी जावा. आमी येत न्हाई."

"दादा चिडंल, वैनी."

"चिडू द्या. त्यास्नी सांगा, पोरगी शिकत न्हवती ती माज्यापायी."

"ह्येचा मी काय आर्थ लावू?"

"जसं सांगितलं तसं सांगा."

अर्जुनानं अंजनाकडं बघितलं. ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं गाठ सोडली नाही, पण उठलीही नाही. अर्जुना थोडा वेळ घुटमळला, म्हातारीच्या पाया पडला आणि एकटाच माळ उतरून गेला.

उजाडल्यावर हरणानं पोरीचा हात धरला. पोरीनं तो सोडवून घेतला आणि दहा पावलं मागून चालत राहिली.

शाळा भरली होती. साठ पोरं. हरणाला बाहेर उभं राहून मास्तरांना हाक मारता आली असती, एका बाजूला घेऊन हळू आवाजात सांगता आलं असतं. चालताना तिनं तेच ठरवलं होतं. पण दाराशी आली तेव्हा मास्तर फळ्यावर लिहीत होते, पाठमोरे, आणि पोरांनी तिला बघून खसखस पिकवली होती. आता थांबले तर पुन्हा दुसरंच काही तोंडातून निघेल, या भीतीनं ती आतच शिरली.

"मास्तर, मी खोटं बोलले जी."

मास्तर वळले. हातात खडू तसाच.

"पोरगी मंद न्हाई. तिला तवाच येत हुतं. आमच्यात..." तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. फुटलेला फोड चुरचुरला. "आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. आकडा बोलत न्हाईत. आन् मेल्याल्यांचा तर न्हाईच. तिचा बा मेंढरं घिऊन वाटंला हाय. म्हणून ती गप ऱ्हायली."

वर्गात आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं. एक पोरगा उठून म्हणालाच, "मग लांडग्यानं न्हेलं तर कळतं कसं?"

"तोंडावरनं कळतं," दारातून अंजनाचा आवाज आला. "तुज्या घरात किती भावंडं हायती ती तू रोज मोजून बघतोस व्हय रं?"

सगळा वर्ग हसला, तो पोरगा सोडून. मास्तरांनाही हसू फुटलं, पण त्यांनी हरणाकडं बघितलं आणि ते आवरलं.

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"शाळेत लाज कसली बाई?"

हरणा खाली बघत म्हणाली, "तुमी हसला हुता जी."

मास्तरांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. हाताची पूड त्या ढगळ कोटाला पुसली, पुन्हा पुसली. "हसलो होतो," ते म्हणाले. मग हळू म्हणाले, "मला खरं वाटलं नव्हतं तुमचं. पण साठ पोरं आहेत. तेवढंच एक ओझं कमी झालं, असं धरून चाललो मी." आणि मग नेहमीच्या आवाजात, "अंजना, आत ये."

ती आत आली. आईच्या बाजूनं न येता पलीकडच्या भिंतीकडून आली.

"ते गणित तुला येत होतं?"

"व्हय."

"उत्तर?"

तिनं ओठ मिटले.

"बरं, बरं. मेंढरं सोड. काय घालू त्यांच्या जागी?"

"कायबी घाला. निस्तं मारू नगा."

"आंबे घालू? नासलेले चालतील?"

"चालत्याल."

"मग?"

"शंभर ऱ्हायले."

बोटांवर मोजणाऱ्या एकदोघांची बोटं तशीच वर राहिली.

"महिना गेलाय," मास्तर म्हणाले. ते अंजनाशी बोलत होते, पण हरणाला ऐकू जावं असं. "ही पोरं खूप पुढं गेलीत. मी मागं येणार नाही. तिला धावावं लागेल. रडली तरी सूट मिळायची नाही."

"नगा दिऊ," हरणा म्हणाली.

"मी तिला विचारतोय."

अंजना फळ्याकडं बघत होती. त्यावर नवं गणित होतं. बारा माणसं वीस हात विहीर पंधरा दिवसांत खणतात. तर नऊ माणसांना तीस हात खणायला किती दिवस लागतील? तिच्या कपाळाला आठी पडली.

"पाटी कुणाची हाय का रिकामी?" तिनं विचारलं.

हरणा बाहेर आली. काढणीला उशीर झाला होता. नानासो आज दहा माणसांत बोलणार हे ठरलेलं. तिनं कमरेच्या चिंध्या काढल्या आणि शाळेच्या भिंतीआड उभं राहून तळहाताला गुंडाळायला लागली. मागं वळून पोरीनं बघितलं नव्हतं, एकदाही नाही. आज बोलेल की उद्या, की होळीलाही बोलणार नाही, कुणाला ठाऊक.

आतून अंजनाचा आवाज आला. "साडेबावीस दिस."

"चूक," मास्तर म्हणाले. "माणसं कमी झाली ती कुठं गेली? पूस."

पाटीवर थुंकी लावून घासल्याचा आवाज. हरणानं चिंधीचं टोक दातात धरून गाठ मारली.

"सत्तावीस?"

"अंदाजानं सांगतेस. चूक. पूस."

कुणीतरी हसलं. मास्तर त्याच्यावर खेकसले आणि मग अंजनावरही खेकसले, तेवढ्याच जोरात. आत जावं, आज पहिला दिवस आहे, आज एवढं पुरे म्हणावं, असं तिच्या पायांत आलं. एक पाऊल तिनं दाराकडं टाकलंसुद्धा.

"आसं व्हय..." अंजना आत पुटपुटली. मग हुंदका गिळल्यासारखा आवाज. मग लेखणी पाटीवर कर्रकर्र करत चालायला लागली.

हरणा वळली. दुसऱ्या हाताची चिंधी तिनं चालता चालता बांधली. तिसरं उत्तर कानावर पडून पाय पुन्हा दाराकडं वळू नयेत म्हणून ती नानासोच्या रानाकडं जवळजवळ पळतच सुटली.